लोणारच्या काठावरच्या चार पेट्या

"पेट्या उलट्या भरल्यात," गुप्ते साहेब म्हणाले.

लोणारच्या रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात आम्ही दगडांच्या लाकडी पेट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. भूगर्भ खात्यातले आमचे साहेब नागपूरहून जीपने आले होते. चहा झाला होता, पोहे झाले होते, आता दगड पाहायचे होते. दगड पाहायला ते खुर्चीतून उठले नाहीत. बसल्या जागेवरूनच त्यांनी हातोडीचा दांडा पहिल्या चार पेट्यांवरून फिरवला. त्या दांड्याचं पॉलिश अजून शाबूत होतं. साहेबांची नोकरी माझ्या दसपट होती, पण हातोडी माझ्या हातोडीहून नवी दिसत होती.

"कोणी भरल्या या?"

"ड्रिलरने. माझ्यासमोर भरल्यात, साहेब. बरोबर आहेत."

"बरोबर? अहो, एम. एस्सी. झालात ना तुम्ही? कुठून?"

"नागपूरहून."

"मग नागपूरनेही हात टेकले म्हणायचे."

पेटीची भानगड आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जमिनीत खोल भोक पाडायच्या यंत्राला ड्रिल म्हणतात. त्याच्या टोकाला पोकळ बिट असतो आणि त्याच्या कडेला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. बिट फिरत फिरत खाली जातो आणि मधल्या पोकळीत दगडाची गोल कांडी शिल्लक राहते. तिला कोअर म्हणतात. ती वर काढायची आणि खाचा पाडलेल्या पेटीत ठेवायची. सगळ्यात वरची कांडी डावीकडच्या कोपऱ्यात, त्याखालची तिच्यापुढे. एक पेटी भरली की दुसरी. सगळ्या पेट्या मांडल्या की जमिनीच्या पोटात काय आहे ते वरून खाली वाचत जाता येतं. सगळी मदार क्रमावर असते. क्रम चुकला तर पेटीत नुसती खडी उरते. म्हणून पेटी उलटी भरणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात लाजिरवाणा गुन्हा.

आता दगड. आपल्याकडचा काळा पत्थर म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर साचलेला. लाव्हा थिजताना त्यातला वायू वर येतो, म्हणून प्रत्येक थराचा माथा बुडबुड्यांनी जाळीदार होतो. पुढे त्या जाळीत पांढरे खडे भरतात. बूड मात्र घट्ट आणि काळंभोर राहतं. भाकरी फुगली की पापुद्रा वरच्या अंगाला येतो, तसाच हा प्रकार. माथ्यावर पुष्कळदा गेरूसारखा लाल पट्टा असतो. म्हणजे वरून खाली येताना आधी लाल, मग जाळीदार, मग घट्ट. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं.

आमच्या पहिल्या चार पेट्यांत आधी घट्ट, मग जाळीदार आणि शेवटी लाल असा क्रम होता. पाचव्या पेटीत दगडाचा नुसता चुरा होता. सहाव्या पेटीपासून पुढे सगळं पुस्तकाप्रमाणे. साहेबांनी पुस्तक वाचलेलं होतं. त्यात दगड उलटा असू शकतो असं लिहिलेलं नव्हतं, म्हणून माणूस चुकला असं त्यांनी ठरवलं.

तो माणूस म्हणजे गजानन तायडे. खामगावच्या एका जिनिंगमध्ये तो फिटर होता. जिनिंग कापसाच्या हंगामापुरतं चालतं, उरलेलं वर्ष माणूस हात चोळत बसतो. म्हणून तो आमच्या खात्यात रोजंदारीवर ड्रिलर म्हणून आला आणि सहा वर्षं रोजंदारीवरच राहिला. त्या साली त्याला पर्मनंट करायचं घाटत होतं. फक्त साहेबांचा शेरा जायचा बाकी होता. त्याचं सासर आमच्या उंद्री गावचंच, आमच्या मळ्याला लागून त्याच्या सासऱ्याचा भाजीचा मळा. म्हातारा मला दर वेळी विचारायचा, "जवाई पक्का झाला का?" मी दर वेळी म्हणायचो, "होते, मामा." मुलगी दिली तेव्हा जावई सरकारी आहे असं म्हाताऱ्याने भावकीत सांगून टाकलं होतं, आणि सहा वर्षं तो हे वाक्य सावरत होता.

गजानन काही संत नव्हता. बोलबच्चन होता, बिड्या फुंकायचा, चहाला गेला की तासाने उगवायचा. एकदा भोकात रॉड अडकून तुटला तेव्हा त्याने सगळं खापर अमावास्येवर फोडलं होतं. दगडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण पेट्या तो इमानाने भरायचा, कारण त्यात डोकं लावावं लागत नाही. आलं तसं ठेवायचं.

साहेबांनी त्याला बोलावलं. तो हात पुसत आला.

"गजानन, या पेट्या कशा भरल्या तू?"

"जशा भरतेत तशा, साहेब. वर निंगाला तो वर, खाली निंगाला तो खाली."

"खोटं बोलू नकोस. उलट्या भरल्यास."

"काऊन भरीन उलट्या? मले का फायदा त्यात?"

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐका. काऊन आणि मले. अशा माणसांच्या हातात हिऱ्याचे बिट देतो आपण." मी स्वतः घरी काऊन आणि मलेच बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते बोलले.

"साहेब," मी म्हणालो, "भरणाराच चुकला असता तर सगळ्या पेट्या उलट्या निघाल्या असत्या. सहावीपासून पुढच्या सरळ कशा?"

"सहावीपासून शुद्धीवर आला असेल."

"तो दारू पीत नाही."

"मग भांग पीत असेल."

"बरं, एक करू. खाली खड्ड्यात देवळाच्या वाटेने उतरलं की एक घळ लागते. तिथे हेच थर कापल्यासारखे उघडे पडलेत. डोळ्यांनी पाहता येतं. अर्ध्या तासाची वाट आहे. चला, दाखवतो."

साहेबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "बूट चावतोय," ते म्हणाले.

आता आम्ही लोणारला काय करत होतो, ते. माणूस चंद्रावर जाऊन आला होता. चंद्राचे फोटो वर्तमानपत्रांत यायचे आणि आमच्या मळ्यावर लोक विचारायचे की तिथं पाणी कितीवर लागतं. चंद्रावर लहानमोठे खड्डे आहेत. त्यातल्या लहान खड्ड्यांची ठेवण एकसारखी असते. वाडग्यासारखा गोल आकार, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उचललेला काठ आणि काठाबाहेर चहूकडे फेकला गेलेला दगडमातीचा थर. मोठ्या खड्ड्यांच्या मधोमध डोंगर असतो, लहानांत तो नसतो. हे सगळं लोणारला आहे. पठारावरून चालत आलं की काठाजवळ चढ लागतो, तो चढला की पायाखाली एकदम खोल गोल खड्डा आणि तळाशी हिरवं खारं पाणी. मध्ये उंचवटा नाही. शिवाय दगड लाव्ह्याचा, आणि चंद्रावर लांबून काळे डाग दिसतात तिथेही लाव्ह्याचाच दगड आहे. चंद्रावरचा लहान खड्डा हाताने चाचपून पाहायचा असेल तर त्यासाठी आपल्या बुलडाणा जिल्ह्यासारखी जागा नाही, असं लांबलांबच्या शास्त्रज्ञांना वाटू लागलं होतं.

वाद एकच होता. हा खड्डा ज्वालामुखीने झाला की आभाळातून पडलेल्या उल्केने. गावात तिसरंच उत्तर होतं. जमिनीखाली दैत्य लपला होता आणि देवाने पायाच्या अंगठ्याने त्याच्या घराचं झाकण उडवलं. साहेबांचं उत्तर ज्वालामुखी हे होतं. तरुणपणी त्यांनी तसा एक लेख लिहिला होता, बहुधा नागपुरात बसून. दोन्हींत मला गावाचं उत्तर जास्त पटायचं, कारण त्यात निदान काहीतरी उडालं होतं.

आमच्या चार पेट्या नेमक्या याच वादात बोलत होत्या. एवढा मोठा दगड आभाळातून येऊन आदळला की खड्ड्याच्या कडेचे थर नुसते फुटत नाहीत. ते उचलले जातात, बाहेरच्या बाजूला वळतात आणि पाठीवर पडतात. गोधडीची कड धरून बाहेर उलटवावी तसे. म्हणजे काठावर भोक पाडलं तर आधी उलटे थर लागतात, मग चेंगरलेला चुरा, आणि त्याखाली न हललेले सरळ थर. ज्वालामुखीच्या तोंडाला असला प्रकार होत नाही. मी हे एका उसन्या आणलेल्या मासिकात वाचलं होतं आणि पाचवी पेटी भरताना मला ते आठवलं होतं. मी ते साहेबांना सांगितलंही.

"मासिकं कमी वाचा," ते म्हणाले.

पुष्कळांनी पुढे मला विचारलं, की साहेबांनी हे मुद्दाम केलं का, आपला लेख वाचवायला. मला तसं वाटत नाही. मुद्दाम केलं असतं तर मी त्यांना लबाड म्हटलं असतं आणि थोडा आदर राखला असता. त्यांना कळलंच नव्हतं. खड्डा त्यांनी एकूण दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा काठावर, जीपचं इंजिन चालू ठेवून.

दुपारी जेवण झालं. साहेबांनी वामकुक्षी घेतली. उठल्यावर त्यांनी दोन हुकूम काढले. पहिला तोंडी: पहिल्या चार पेट्या उलट करून नीट भरा आणि पेट्यांवरचे आकडे पुन्हा रंगवा. दुसरा लेखी: गजानन तायडे याने कामात गंभीर निष्काळजीपणा केल्याबद्दल त्याला का काढून टाकू नये याचा खुलासा द्यावा. याला मेमो म्हणतात. पर्मनंट माणसाला मेमो मिळाला तर तो वर्षभर त्यावर उत्तरं लिहीत बसतो. रोजंदारीवाल्याला मिळाला तर तो बिछाना गुंडाळतो.

गजाननने मेमो माझ्याकडून वाचून घेतला. इंग्रजीत होता. वाचून झाल्यावर त्याने कागद परत घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"म्हंजे आता मले काढतेत?" त्याने विचारलं.

"पाहू."

"पाहू का पाहू, भाऊ? सासऱ्याले का सांगू? दगडं उलटे ठेवले म्हनून हाकललं सांगू? तो म्हनीन, बे, तुले दगडं बी ठेवता येत नाही."

"तू ठेवले का उलटे?"

"तुम्ही बी इचारून राह्यले?" तो म्हणाला. मला लाज वाटली. माझ्यासमोरच भरल्या होत्या त्या.

पेट्या आम्ही दुसऱ्या दिवशी उलट केल्या. म्हणजे गजाननने केल्या, मी बसून पाहिलं. मेमो खिशात ठेवून तो माणूस स्वतःचं बरोबर काम स्वतःच्या हाताने चुकीचं करत होता, आणि ते तो नेहमीइतक्याच इमानाने करत होता. एकेक कांडी उचलायची, शेवटून पहिल्या जागी ठेवायची. सगळ्यात शेवटी जुन्या पहिल्या पेटीचा पहिला तुकडा चौथ्या पेटीच्या तळाच्या कोपऱ्यात गेला. मग आकडे रंगवले. साहेब येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "हं. आता कसं शास्त्रशुद्ध दिसतं." लॉग म्हणजे थरांची नोंद. ती साहेबांनी मला न देता स्वतःच लिहायला घेतली. मी प्रोबेशनवर होतो, एवढी आठवणही जाता जाता करून दिली.

मेमोचा निकाल लागेपर्यंत गजाननला ड्रिलवर ठेवलं होतं, कारण दुसरा ड्रिलर नव्हता. जो माणूस पेटी भरण्याच्या लायकीचा नाही त्याने भोक मात्र पाडत राहायचं, हे आमच्या खात्यात कुणालाच विचित्र वाटलं नाही.

महिनाभरात वरून तार आली. चंद्राच्या दगडांचा अभ्यास करणारे एक डॉक्टर वरदन म्हणून शास्त्रज्ञ दक्षिणेतून लोणार पाहायला येणार होते. साहेब पुन्हा जीपने हजर झाले. व्हरांडा झाडून घेतला, पेट्या धुऊन घेतल्या, खानसाम्याला कोंबडीचं सांगितलं. गजाननला त्यांनी बजावलं, "पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत," गजानन म्हणाला.

डॉक्टर वरदन बुटके, काळेसावळे, पायात कॅनव्हासचे जोडे. जलंबला रेल्वेतून उतरून खामगावमार्गे धूळ खात आले होते. साहेबांनी चहाचं विचारलं तर त्यांनी आधी खड्ड्यात उतरायचंय म्हणून सांगितलं. साहेबांचा बूट अजून चावत होता. मग मीच त्यांच्याबरोबर गेलो. देवळाच्या वाटेवरची ती घळ मी त्यांना दाखवली आणि बाजूला उभा राहिलो. ते हात टेकून वर चढले, दगड फोडला, भिंगातून पाहिला, जिभेने चाटला. दगड ओला केला की त्याची वीण उठून दिसते, आणि जीभ नेहमी जवळ असते. मग खाली उतरून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "वरच्या काठावर तुम्ही भोक पाडलंय ना?"

"हो."

"कोअर कुठे आहे?"

"रेस्ट हाऊसला. साहेब दाखवतील," मी म्हणालो.

साहेबांनी दाखवली. दाखवली म्हणजे भाषण दिलं. काठावरचे थर कसे अगदी सरळ आहेत, माथा वर आणि बूड खाली, म्हणजे इथे काही उलटापालट झालेली नाही, म्हणजे उल्केची कल्पना बाद, म्हणजे ज्वालामुखी. मध्ये त्यांनी आपल्या लेखाचाही उल्लेख केला. डॉक्टरांनी तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक पेटी ओली करत रांगत निघाले. साहेबांना कुणी गुडघ्यांवर बसलेलं पाहायची सवय नव्हती. ते खुर्चीत चुळबुळ करू लागले.

चौथ्या पेटीच्या शेवटी डॉक्टर थांबले. खिशातून चाकू काढून त्यांनी तळाच्या तुकड्याच्या भेगेत टोक घातलं आणि काहीतरी ओढून बाहेर काढलं. बोटभर लांब, वाळलेलं, तपकिरी.

"मिस्टर गुप्ते, ही पेटी किती खोलीची?"

"हा तुकडा चाळीस फुटांवरचा."

"हे मूळ आहे. बाभळीचं असावं."

साहेबांनी खुर्चीतून वाकून पाहिलं. "बाभळीची मुळं फार खोल जातात," ते म्हणाले.

"दगडातून?"

"भेगेतून."

"आणि ही काळी माती? हीसुद्धा चाळीस फूट खाली गेली?" डॉक्टरांनी भेगेतली माती नखाने काढून बोटावर घेतली. "वरच्या तीन पेट्यांत कुठे मूळ नाही, माती नाही. तुमची बाभूळ बहुतेक तळापासून उगवून वर यायला निघालेली दिसते."

मी ते मूळ आधीच पाहिलं होतं. पेट्या उलट केल्या त्याच दिवशी. गजाननलाही दिसलं होतं, तो माझ्याकडे पाहत राहिला होता आणि मी मान हलवली होती, असू दे म्हणून. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मूळ उपटून फेकायला लावलं असतं आणि भेग साबणाने धुऊन घेतली असती. माणूस एवढा शास्त्रशुद्ध असला की त्याला सगळंच सांगायचं नसतं.

"या पेट्या मुळात कोणी भरल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

गजानन खांबाला टेकून उभा होता, तोंड न उघडण्याचा हुकूम तंतोतंत पाळत. मीच त्याच्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी त्याला मोडक्या हिंदीत विचारलं. गजाननने साहेबांकडे पाहिलं.

"साहेबानं बोलू नोको म्हन्लं," तो म्हणाला.

"बोल," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"मग आयका. पहिले जशे निंगाले तशेच भरले होते. साहेबानं उलट कराले लावले. मी केले. मले मेमो बी देला. हे पाहा." त्याने खिशातून मेमो काढला. महिनाभर खिशात राहून त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

मी हे सगळं डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. काहीही मऊ केलं नाही. डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं नाही, ही त्यांची सभ्यता. ते फक्त म्हणाले, "पेट्या पहिल्यासारख्या लावून मिळतील का? आत्ता? मला फोटो घ्यायचे आहेत. घळीत जे दिसलं तेच हे आहे. चंद्रावरच्या लहान खड्ड्यांच्या काठावर असंच असणार असं आम्ही नुसतं म्हणत होतो. इथे ते हातात धरता येतंय."

"अर्थात," साहेब म्हणाले. "गजानन, पेट्या पूर्ववत कर."

गजानन खांबाजवळून हलला नाही.

"गजानन, ऐकलं ना?"

"आयकलं, साहेब. पन लेखी द्या."

"काय?"

"मांगल्या येळी तोंडी सांगतलं, मी केलं, अन् मेमो भेटला. आता पुन्हा तोंडी सांगून राह्यले. उद्या म्हनसान, तायडेनं पेट्या पुन्हा उलट्या केल्या. एकडाव कागदावर लिवून द्या. पहिले बराबर होत्या, माह्या हुकमानं उलट्या केल्या, आता पुन्हा बराबर करा. खाली सही. मग लावतो."

साहेबांचा चेहरा त्या लाल पट्ट्यासारखा झाला. "तू मला अटी घालतोस?"

"अटी कायच्या, साहेब. हात त माह्येच हाएत. तुमचे बूट चावून राह्यले, नाहीतर तुम्हीच लावल्या असत्या."

मी दुसरीकडे पाहू लागलो. खानसामा दारातच उभा राहिला. डॉक्टर वरदनना शब्द कळले नसावेत, पण एका रोजंदारीवाल्याने साहेबाला अडवलंय एवढं कळायला भाषा लागत नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. "उजेड जाईल," ते म्हणाले. त्यांना सकाळी परत निघायचं होतं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. त्या व्हरांड्यात पेट्यांना हात लावणारी माणसं दोनच होती, गजानन आणि मी. मी साहेबांच्या चाकरीत होतो, पण त्या क्षणी माझी पाठ भयंकर दुखू लागली आणि मी ते बोलूनही दाखवलं. साहेबांनी लेटरहेड मागवलं. लिहिताना त्यांनी दोनदा कागद फाडला, कारण आपण चुकलो हे "चुकलो" हा शब्द न वापरता लिहायला वेळ लागतो. तिसऱ्या खेपेला जमलं. त्यात "गैरसमजातून" असा एक शब्द त्यांनी घातला होता. मी तो गजाननला वाचून दाखवला.

"कोनाचा गैरसमज? ते नाही लिवलं," गजानन म्हणाला.

साहेबांनी "माझ्या" हा शब्द वर बारीक अक्षरात घातला. गजाननने कागद मेमोत गुंडाळून खिशात ठेवला आणि तो पेट्यांजवळ बसला. उजेड असेपर्यंत चारही पेट्या जागेवर आल्या.

डॉक्टरांनी फोटो काढले, नमुने नेले आणि पुढे आपल्या अहवालात लोणारच्या उलट्या काठाबद्दल लिहिलं. मग आणखी शास्त्रज्ञ आले, आणखी भोकं पाडली गेली, आणि उल्केची गोष्ट एकेका पुराव्याने पक्की होत गेली. गुप्ते साहेबांनी ज्वालामुखी सोडला. इतक्या चटकन सोडला की जणू तो कधी त्यांचा नव्हताच. वर्षभरात ते चंद्रावरचे खड्डे या विषयावर स्लाइड दाखवून व्याख्यानं देऊ लागले. उलट्या थरांची स्लाइड आली की सांगत, "माझ्या कारकिर्दीत मी या पेट्या स्वतः लावून घेतल्या." त्यात खोटं काही नव्हतं. दोनदा लावून घेतल्या होत्या. मग त्यांना बढती मिळाली.

मेमो मागे घेतला गेला, कारण साहेबांच्या सहीचा कागद गजाननने वर पाठवायची तयारी ठेवली होती आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. पुढच्या यादीत तो पर्मनंट झाला. हुकूम आला त्या दिवशी साहेब दौऱ्यावर आमच्याकडेच होते. हुकूम त्यांनी स्वतः गजाननच्या हातात दिला, प्रसाद द्यावा तसा, आणि हसून विचारलं, "काय गजानन, आता तरी खूश ना?"

गजाननने कागद उलटसुलट पाहिला, नीट घडी घातली.

"खूश काऊन होईन, साहेब?" तो म्हणाला. "पेट्या त मी पहिलेच बराबर भरल्या होत्या."

साहेब हसायचं थांबले आणि जीपकडे गेले. खात्यात माझी त्यानंतर पंचवीस वर्षं गेली आणि दगडांबद्दल मी बरंच शिकलो. माणसांबद्दलचं एवढंच. खडक पुस्तकाप्रमाणे वागला नाही, की वर बसलेले लोक आधी सगळ्यात कमी पगाराचा माणूस शोधतात. तो बहुधा जवळच उभा असतो, आणि बहुधा त्याने काम बरोबर केलेलं असतं.